चोराने मागवलेलं यंत्र

कुमुद,

कार्ल्याहून येशील तेव्हा मी बँकेत असेन. पोहे झाकून ठेवलेत.

आपण ज्या ऑनलाइन दुकानातून मागवतो, त्यांचा मेल आला. काही ग्राहकांच्या कार्डाची माहिती कदाचित बाहेर गेली असावी, पण काळजीचं कारण नाही. मी ताबडतोब काळजी केली आणि कार्ड बंद करवलं.

बँकेतल्या उझमाने फोनवर महिन्याभराची खरेदी वाचून दाखवली. "काका, तुमचं नसेल तेवढं सांगा." कुकरची रिंग माझी, गुडघ्याचा पट्टा तुझा. शेवटी निघालं एक श्रवणयंत्र. म्हटलं, हे आमचं नव्हे, चोराला कमी ऐकू येत असणार. तर म्हणते, "काका, चोराने पत्ता तुमच्याच घराचा दिलाय."

अकरा वाजता पार्सलही आलं. टेबलावर आहे. यंत्र कसं असतं ते बघायची फार उत्सुकता होती, पण वर नाव तुझं आहे, म्हणून फोडलं नाही.

चोराचं असेल तर तक्रारीचा फॉर्म भरतो, यंत्र परत जाईल. तुझं असेल तर मेसेज कर, फोन नको. फॉर्म फाडून टाकेन आणि आपल्या माधवीलासुद्धा सांगणार नाही.

खरं म्हणजे ते तुझंच निघावं असं मला वाटतंय. गणपतीपासून तू माझ्या एकाही विनोदाला हसली नाहीस. मला वाटलं, निवृत्तीबरोबर माझं हसवणंही गेलं, म्हणून मी बोलणंच कमी केलं. आज संध्याकाळी सगळे विनोद पुन्हा सांगतो. यंत्र लावून बस. त्यानंतरही हसली नाहीस, तर दोष माझा.

मनोहर