गोधडी वाळेल तिथं

प्रिय ताई,

हे पत्र मी तुझ्या तेराव्यालाच लिहिणार होतो. मग म्हटलं दिवाळीत लिहू. दिवाळीत पवनेकाठी तंबू लावायच्या कामाला गेलो, तिथून एका टेम्पोवाल्याबरोबर उगाच कोकणात उतरलो, परत आलो तर थंडी पडलेली. तुला माहीतच आहे माझं. बूड टेकलं की मला चपला दिसायला लागतात! आज मात्र पळायची सोय नाही. जागामालक हरिभाऊंना संध्याकाळपर्यंत घराच्या जागेचं हो की नाही ते सांगायचंय. म्हणून औंढे गावात, तू पसंत केलेल्या जागेवरच बसून लिहितोय.

हो, तीच. जांभळीखालची.

मे संपता संपता आपण तिघं दाजींच्या गाडीवरून आलो होतो, आठवतं? उतरल्या उतरल्या तू पडलेली जांभळं वेचायला लागलीस. रस्ता कुठून, पाणी कुठं, काही म्हणजे काही विचारलं नाहीस. जांभळी जीभ काढून म्हणालीस, "हितं चूल, तितं ओटा. आन् ओट्यावर ह्यो भटक्या येऊन पडंल." दाजी म्हणाले, "बरं झालं, म्हंजे कुत्रं पाळाया नको." केवढी हसलीस! वरच्या फांदीवर शेकरू होतं, तेही खाली वाकून बघायला लागलं.

मग श्रावणात तू गेलीस.

डॉक्टरांनी दम्याचं सांगितलं. दाजी मात्र अजून म्हणतात, त्या खोलीच्या ओलीनं नेली. लोणावळ्यातली ती तुमची भाड्याची खोली! मागं डोंगर, डोंगरावर दाट रान, आणि भिंतीला बारा महिने हिरवट पापुद्रे. तू कायम ती जड गोधडी खांद्यावर टाकून उन्हाच्या मागं. सकाळी शाळेच्या कुंपणावर, दुपारी शिंदेवहिनींच्या गच्चीवर, तिथून हाकललं की रेल्वेच्या भिंतीवर. मी म्हणायचो, "भटक्या मी का तू?" तू म्हणायचीस, "मी न्हाई फिरत रं, ऊन फिरतंय."

आता त्या खोलीत दाजी एकटेच खोकतात. आवाज भिंतीपलीकडं जातो.

त्यांना तिथून काढायचंय ताई. मी म्हटलं, चला, जागा परत एकदा बघू. तर म्हणाले, "तिनं निवडली न्हवं? मग बास. मी तितं पाय ठेवणार न्हाई. तूच बघ, तूच सांग." आणि भिंतीकडं तोंड करून झोपले. भर दुपारी!

म्हणून आज सकाळी मी तुझी तीच गोधडी धुतली, ओलीच माझ्या गाडीला बांधली आणि इथं आणली. जांभळीच्या दोन बुंध्यांना दोरी लावून वाळत टाकली. मोजमाप, नकाशे मला कळत नाहीत. दहावीत भूमितीनंच माझा घात केला. पण गोधडी वाळते का नाही, एवढं कळतं.

ताई, नाही वाळत गं. दुपार कलली तरी खालच्या काठातून पाणी ठिबकतंय.

मेमध्ये इथं काय लख्ख होतं! तेव्हा सूर्य डोक्यावर, सावली झाडांच्या पायाशी गोळा झालेली. आता सूर्य दक्षिणेकडून चाललाय, कललेला. आणि दक्षिणेला सगळं रान, तेही चढावर. जांभळी काही पान गाळत नाहीत. त्यांची सावली सकाळपासून अख्ख्या जागेवर लोळतेय. तुझ्या चुलीवर, तुझ्या ओट्यावर. दगडांना शेवाळ आहे, तेव्हा दिसलंच नव्हतं. की जांभळं बघत होतो म्हणून दिसलं नाही?

हरिभाऊंना म्हटलं, "भाऊ, ऊनच न्हाई हितं."

ते हसले. "पुण्याची माणसं सावली बघून जादा पैसं द्यायला उभी हायेत, आन् तू ऊन मागतोस व्हय?"

"जरा फांद्या उतरवल्या तर?"

"झाडं वनखात्याची. तू चढ, मी लांबून बघतो."

ताई, तू जन्मभर ऊन हुडकलंस आणि जागा धरलीस ती सावलीची! का गं? पण मे महिन्यात सावली कुणाला नको असते म्हणा.

थांब. गोधडी हलवून येतो.

आलो. गाडीवाटेपलीकडं, वरच्या अंगाला हरिभाऊंचाच माळ आहे. तू त्याला 'टकल्या' म्हणाली होतीस, आणि हरिभाऊंनी आपल्या डोक्यावरची टोपी चाचपली होती. जांभळींची सावली गाडीवाटेपर्यंत येते आणि तिथंच थांबते. माळावर झुडपांवर गोधडी पसरली, खाली येऊन बसलो. उगाच परत गेलो, परत खाली. असा चौथ्यांदा गेलो तेव्हा वरची बाजू कोरडी, ऊबदार झालेली. तोंड लावून बघितलं. साबणाचा वास येत होता. तुझा नाही.

उत्तर मिळालं. पण दाजींना सांगू कसं? तिनं निवडलेली जागा नको, असं म्हणू? तुझा एवढाच एक शब्द त्यांनी धरून ठेवलाय. तोही मी काढून घेऊ? इथली ओल त्यांनी सोसली असती गं, तुझी म्हणून. तेच तर भय आहे.

तरी सांगणार. आज, तोंडावर. घर माळावर बांधू म्हणून. आणि तुला शब्द देतो, टकल्याला टकल्या ठेवणार नाही. याच जांभळींचं रोप नेऊन लावीन, मावळतीला, जरा उत्तरेकडं सरकून. उन्हाळ्यात संध्याकाळी ओट्यावर सावली येईल आणि थंडीतलं ऊन कुणी अडवणार नाही. पाणी घालायला मी इथंच राहीन. इथंच म्हणजे इथंच. हसू नकोस!

अगं, माळावर कुणीतरी आलंय. पुण्याची पार्टी असेल. नाही... दाजी! खाली रस्त्याला त्यांची गाडी लावलेली दिसतेय. लांबून गोधडी ओळखली असणार, इकडं न बघता सरळ तिच्याकडंच गेले. कानाचा मफलर सोडला, गोधडीशेजारी बसले, डोळे मिटून तोंड उन्हाकडं केलंय.

आता हाक मारतायत, "रव्या, तितं काय गारठत बसलास? हितं ये की, हितं ऊन हाय!"

जातो गं.

तुझा भटक्या,
रवी