तापाचा कागद

९ सप्टेंबर, मंगळवार

काचेतून बघा म्हणे! स्वतःच्या बापाला काचेतून! काल सकाळी आसगावहून गाडी करून भंडाऱ्याला आणलं तेव्हा बाबा बोलत होते, पाणी मागत होते. आज तोंडात नळी, हातापायाला वायरी. डॉक्टर म्हणतात सेप्सिस. केमोने पांढऱ्या पेशी उतरल्या, जंतू रक्तात शिरले. वर म्हणतात, "आणायला उशीर केला."

उशीर कोणी केला? रविवारी संध्याकाळी मीच फोन केला होता — बाबा जेवत नाहीत, डोळे लावून पडून आहेत, आणू का? ह्यांचाच माणूस म्हणाला, सकाळी आणा. आणि आता आमच्यावर ढकलतात. मी सोडणार नाही.

१० सप्टेंबर

संघपालने सही करून दिली! मला न विचारता. इथे संशोधन चालू आहे म्हणे — आयसीयूत आलेले कॅन्सरचे पेशंट, ताप आल्यापासून पहिलं अँटिबायोटिक चढेपर्यंत किती तास गेले, आणि माणूस वाचला की नाही. रेणू नावाची सिस्टर ते काम बघते.

"ताई, त्यायनं सारं समजावून सांगतलं न. औषध तेच देतात, फक्त लिहून ठेवतात."

फक्त लिहून ठेवतात! हा माझा भाऊ एमएस्सी झालेला, पण कोणीही गोड बोलून गुंडाळतं ह्याला. आणि ह्यांना बरे आमचेच लोक सापडतात — भाताच्या बांधीत राबणारे, इंग्रजी कागद न वाचणारे.

११ सप्टेंबर

आज चार वेळा रक्त नेलं. उपचाराचं किती आणि संशोधनाचं किती? विचारलं तर "सगळं उपचाराचंच." असं कसं असेल?

रेणू सिस्टर जरा जास्तच गोड बोलते. मायला चहा आणून दिला. मग हळूच, "घरचा तापाचा कागद आणला का?" केमोनंतर घरी जाताना दिला होता तो. सकाळ-संध्याकाळ ताप मोजून लिहायचा, शंभराच्या वर गेला की वेळ न बघता निघायचं. दिला तिला. तिने दोनदा वाचला, माझ्याकडे पाहिलं, आणि झेरॉक्सला घेऊन गेली. त्यात एवढं काय पाहायचं? चौदा वर्षं अंगणवाडी चालवते मी. माझ्या कागदावर एक खाडाखोड सापडणार नाही.

१२ सप्टेंबर

लघवी कमी झाली. डायलिसिस लागेल म्हणतात. कोणाचं खरं मानू?

१३ सप्टेंबर, शनिवार

गावाहून तुलाराम काका आले. पायरीवर बसल्या बसल्या म्हणाले, "पोरी, मोठ्या दवाखान्यात मानसावर प्रयोग करतेत. नाव काहाड बापाचं तिथून." माझ्या मनातलंच बोलले.

तशीच सिस्टरकडे गेले. भांडायची तयारी करूनच गेले. तर रेणू सिस्टर शांतपणे म्हणाली, "काढू शकता ना. फॉर्म देते. नाव काढलं की तुमचा कागद, फोनची नोंद, सगळं अभ्यासातून बाजूला होईल. उपचारात काहीच फरक पडत नाही."

इतक्या सहज? म्हणजे काहीतरी लपवायचं आहे! मी म्हटलं, आधी फाइल दाखवा. रविवारच्या फोनची नोंद दाखवा. ती म्हणाली, "सोमवारी दाखवते. पण ताई, एकट्या या."

एकटी कशाला? मी संघपालला घेऊनच जाणार. साक्षीदार हवा.

१४ सप्टेंबर

बाबांचं प्रेशर टिकवायचं औषध थोडं कमी केलं. उजव्या हाताची बोटं हलली. मी काचेवर टकटक करून बाबा, बाबा करत राहिले. सिस्टरने हटकलं. उद्या रविवारी फोन घेणाऱ्या त्या माणसाचं नाव शोधून काढते.

१५ सप्टेंबर

फोनची नोंद — "ताप विचारला. मुलीने कागदावरून वाचला, ९८.४. सकाळी येण्यास सांगितले." खाली माझा कागद. तीस तारखेपर्यंत भरलेला! बाबा आयसीयूत असल्याच्या दिवसांतही ९८.४. एक तारखेला अंगणवाडीची रजिस्टरं भरायला बसले, त्याच बैठकीत हाही महिनाभराचा भरून टाकला होता. आम्ही सगळ्या सेविका रजिस्टरं तशीच भरतो. थर्मामीटर पाकिटातून काढलंच नव्हतं.

नाव काढायचा फॉर्म समोर होता. सही केली असती तर सगळं झाकलं गेलं असतं. संघपाल खाली बघत होता. मी फॉर्म परत केला.

रेणू सिस्टरने पेन उघडलं. "मग खरा ताप कधीपासून, ताई?"

मला माहीतच नव्हतं. बाहेर येऊन मायला विचारलं.

"शुक्रवारपासून आंग तापून होतं. तुले सांगतलं न मी, बाई. तूच तं म्हनली, कागदावर बरोबर आहे."