अठरा लहान पट्टे

दि. ८ फेब्रुवारी

ती. स्व. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

आपल्याला पत्र लिहिण्याचे धाडस करते आहे, याबद्दल प्रथम क्षमा मागते. दोन गल्ल्यांपलीकडे राहणाऱ्या माणसाला तिकीट लावून पत्र पाठवणारी आपल्या घराण्यातली मी पहिलीच, असे आई म्हणाली. पण आपल्यासमोर उभी राहिले की माझी वाक्ये घशातच अडतात, आणि अर्धवट वाक्य आपल्याला खपत नाही. कागदावर ती पुरी होतात.

रविवारी झाडांवरच्या दोरवाटांच्या बागेत जे घडले, त्यावरून सोमवारी आपण आईला आपल्या दप्तरांच्या कारखान्याच्या दारातूनच परत पाठवलेत. आपण त्या वेळी दुसऱ्या मचाणावर होतात, त्यामुळे खाली नेमके काय झाले ते आपल्याला दिसले नसावे, असा माझा समज आहे. म्हणून सांगते.

आपण सुरक्षेच्या पट्ट्याचे दोन्ही आकडे तारेत अडकवून, मालक आधी आणि माल मागाहून असे म्हणत पुढे गेलात, तेव्हा सगळे हसलो. मग आपल्या लेकीची, चिमणीची पाळी आली. ती चार पायऱ्या चढली आणि मांडीचा पट्टा काचतो म्हणून कुरकुरू लागली. पट्टा सैल करावा म्हणून आईने तो जरा उलटा केला, आणि तिचा हात तिथेच थांबला. शिवणीच्या शेवटी तीन टाके उलटे आणि त्यावर हाताने मारलेली गाठ. कारखान्यात अशी गाठ आईखेरीज कोणी मारत नाही. ती गाठ मारण्यात वेळ खाते म्हणून आपण तिला नेहमी टोचून बोलता.

डिसेंबरात आईने असे अठरा लहान पट्टे दुरुस्त केले होते. ते सामान बांधायचे आहेत, असे तिला सांगण्यात आले होते. म्हणून तिने दप्तरांचा साधा दोरा वापरला आणि एकेरी शिवण घातली. काका, मोठ्यांचे पट्टे नवे होते. जुने, शिवलेले, सगळे मुलांचे होते.

आईने चिमणीला उचलून खाली घेतले आणि शिडीच्या पायथ्याशी बसकण मारली. व्यवस्थापक धावत आले. त्यांना तिने एवढेच सांगितले, की ही शिवण माझी आहे, हिच्यावर मी भोपळे टांगीन, पोर टांगणार नाही. आणखी सात मुले वर होती, परक्यांची. ती एकेक करून उतरेपर्यंत आई उठली नाही. रांगेतल्या लोकांनी नाके मुरडली. एका बाईने, सहलीचा पार विचका झाला, असे मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटले.

आईने आपला अपमान करण्यासाठी हे केले नाही. तिला कामावर परत घ्यावे आणि त्या अठरा पट्ट्यांविषयी बागेला आपणच कळवावे, एवढीच विनंती.

काकूंना नमस्कार, चिमणीला गोड पापा.

आपली आज्ञाधारक,
पुतणी


दि. १३ फेब्रुवारी

चि. पंडितीणबाईंस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. पोस्टमन विचारत होता, काका-पुतणीचा अबोला आहे का म्हणून. अक्षर मोत्यासारखं, नावं ठेवायला जागा नाही. तू तोंडाने बोलायला लागलीस तर वकिलांच्या पोटावर पाय येईल.

तुला वाटतं मला वरून दिसलं नाही. अगं, मला सगळं दिसलं. वीस फुटांवर लोंबकळत होतो, खालची रांग माझ्याकडे बघून खिदळत होती, आणि तुझी आई शिडीशी ठाण मांडून. घरचं धुणं चारचौघांत धुतलं तिने.

पट्टे सामानाचे आहेत असं मीच सांगितलं, कबूल. खरं सांगितलं असतं तर जाड दोरा आणा, दुसरं मशीन आणा, असं करत तिने महिना काढला असता आणि काम दुसऱ्याने पळवलं असतं. त्याच कामावर खूश होऊन त्यांनी आपल्या सगळ्यांना फुकट बोलावलं होतं, हेही लक्षात ठेव. आणि रविवारनंतर आम्ही एका पट्ट्याला सिमेंटचं पोतं टांगून बघितलं. तासभर. टाका हलला नाही.

आता नीट ऐक. व्यवस्थापकाला लेखी हवं आहे. उंची बघून मला गरगरलं, पट्ट्यांत काही दोष नाही, अशा दोन ओळी. तू लिही, आईची सही घे. पंचवीस तारखेला मुलांची वाट परत उघडते आहे, त्याआधी कागद माझ्या हातात पाहिजे. त्या दिवशी पहिली चिमणी जाईल, त्याच पट्ट्यात, म्हणजे लोकांची तोंडं आपोआप बंद होतील.

कागद आला की मशीन तुझ्या आईचं. नाही आला, तर त्या खुर्चीसाठी तीन बायका विचारून गेल्यात. तुझे वडील गेल्यापासून बारा वर्षं त्या मशीनवर तुमची चूल पेटली. कधी बोलून दाखवलं नाही, आज दाखवतो.

तिला सांग, मी रागावलो नाही. म्हणजे रागावलोय, पण कागद आला की उतरेल.

तुझा काका


दि. १५ फेब्रुवारी

चि. बाळे,
आशीर्वाद. मला तुझ्यासारखं नटवून लिहिता येत नाही, सांभाळून घे.

चिमणीच्या हाती पिशवी पाठवते आहे. तिच्यात पट्टा आहे, पोतं टांगलेला तोच. ह्यांनी तो बक्षीस मिळाल्यासारखा खुंटीला लावून ठेवला होता. येता-जाता मला तो दिसायचा. पोतं काय, गप लोंबतं गं. पोराचा पाय सटकला की हिसका बसतो, त्याचं काय?

काल हे जेवायला बसले आणि मी मागच्या अंगणात गेले. पट्टा फांदीला बांधला, खाली पाण्याने भरलेला वीस लिटरचा कॅन अडकवला, हातभर उचलला आणि दिला सोडून. पहिल्यांदा काही नाही. तिसऱ्यांदा टाके तटतटले. पाचव्यांदा कॅन खाली आणि मी नखशिखांत ओली. चिमणीचं वजन त्या कॅनच्या दीडपट आहे.

तशीच निथळत आत आले आणि पट्टा ताटाशेजारी ठेवला. हे म्हणाले, कॅन म्हणजे माणूस नव्हे. मी म्हटलं, बरोबर आहे, कॅनला आई नसते. त्यावर पाणी दे म्हणाले. मी दिलं नाही. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पहिल्यांदाच दिलं नाही.

माझं नाव कुठे घेऊ नकोस, असं लिहायला बसले होते. आता लिहिता लिहिता वाटतं, घे. सही कुठे करायची ते सांग, मी येते.

तुझी काकू


दि. १९ फेब्रुवारी

ती. स्व. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

आपण मागितलेला कागद लिहिण्याचा मी प्रामाणिक प्रयत्न केला. पहिल्या ओळीत आईला गरगरले, असे लिहायचे होते. त्या दिवशी बागेच्या दोन धडधाकट माणसांना तिला जागचे हलवता आले नाही. गरगरलेल्या माणसाचे असे लक्षण माझ्या वाचनात नाही. दुसऱ्या ओळीत पट्ट्यांत दोष नाही, असे लिहायचे होते. उसवलेला पट्टा समोर ठेवून ते जमेना. शेवटी आईलाच विचारले. ती म्हणाली, मशीन त्यांचे आहे, टाका माझा आहे, आणि टाक्याबद्दल खोटी सही मी देणार नाही. एवढे बोलून ती शेजाऱ्यांचे पडदे शिवायला बसली, हाताने.

म्हणून मी दुसरे पत्र लिहिले आहे, व्यवस्थापकांना. आशय आपल्याला कळावा म्हणून इथे देते. मुलांचे अठरा पट्टे सामानाचे समजून, दप्तराच्या दोऱ्याने, एकेरी शिवले गेले आहेत. त्यांतला एक वीस किलो वजनाच्या पाचव्या हिसक्याला उसवला. तो पाहायला मिळेल. उरलेले सतरा पुन्हा शिवू नयेत, कापून टाकावेत. खाली पहिली सही आईची, दुसरी काकूंची, तिसरी माझी. पट्टे सामानाचे आहेत हे कोणी सांगितले, तेही लिहिले आहे. आपले नाव पूर्ण घातले आहे, आणि ओळ सरळ आली.

बारा वर्षांचे उपकार आम्ही विसरलेलो नाही. त्या बारा वर्षांत आईने शिवलेले एकही दप्तर उसवून परत आले नाही, हे आपणही विसरू नये. तिच्या खुर्चीवर आपण कोणालाही बसवावे. नव्या बाईला काम देताना ते कशासाठी आहे, हे मात्र खरे सांगावे.

पंचवीस तारखेला मुलांची वाट त्याच पट्ट्यांनी उघडली, तर बागेच्या फाटकाशी उभी राहून मी हे पत्र येणाऱ्या प्रत्येक आईबापाला वाचून दाखवीन. माझा आवाज फुटणार नाही, अशी आपली खात्री असेल. कालपर्यंत माझीही होती. काल गच्चीवर जाऊन चार वेळा मोठ्याने वाचले. चौथ्या वेळी समोरच्या इमारतीतल्या आजोबांनी खिडकी उघडून, कुठले पट्टे, असे विचारले.

पत्राच्या शेवटी लोभ मागायचा असतो. तो ठेवावा की काढून घ्यावा, हे आपण ठरवावे. या खेपेला मी मागत नाही. चिमणीला त्या पट्ट्यात चढवू नये, एवढेच मागते, आणि ही विनंती नव्हे.

आपली,
पुतणी

(पोस्टाच्या खिडकीत दिले : मंगळवार, दि. २० फेब्रुवारी, सकाळी ११ वाजून ४० मिनिटे. व्यवस्थापकांचे पत्र त्याआधी, ११ वाजून ३५ मिनिटांनी.)