धाकट्याची प्रुफं आणि मागची खोली

मी, वय अडुसष्ट, एका दैनिकात एकतीस वर्षं प्रुफं तपासून निवृत्त झालेली बाई, हे मृत्युपत्र स्वखुशीने, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण कायदा त्यांची चौकशी करत नाही.

एक. कचेरीतून निवृत्तीच्या दिवशी मला भेट मिळालेली माझीच डुगडुगती खुर्ची आमच्या संपादकसाहेबांना परत द्यावी. मी ती बदलून मागत होते तेव्हा त्यांना कधी वेळ झाला नाही. आता त्यांनी तिच्यावर बसून एक अग्रलेख लिहावा.

दोन. कपाट, साड्या, भिंग आणि बँकेत जे काही असेल ते माझ्या मुलीला.

तीन. पलंगाखालची पत्र्याची पेटी. हे कलम लांबणार आहे.

माझा धाकटा भाऊ आमच्याच दैनिकात राजकारणावर सदर लिहितो, भाषणं देतो. अर्धं गाव त्याला डोक्यावर घेतं, अर्धं त्याचं नाव काढलं की थुंकतं. पुलापलीकडच्या लोकांचा तो द्वेष करतो, असा त्याच्यावर आरोप आहे. खरं काय, हे मुलीने मला विचारलं होतं. मी चहाचं विचारून विषय बदलला होता. आता उत्तर देते.

'त्यांच्या मुलांना शाळेत वेगळं बसवा' असं तो म्हणतानाची चित्रफीत सगळीकडे फिरली. तो आरोप खोटा आहे. तो एका वाचकाचं पत्र वाचून दाखवत होता आणि लगेच त्याने त्या वाचकाची सालटी काढली. मी पहिल्या रांगेत होते. पूर्ण भाषणाची फीत पेटीत आहे.

दुसरं वाक्य छापून आलं होतं: 'पुलापलीकडच्यांना घर भाड्याने देणं म्हणजे वाळवी पोसणं.' त्या आठवड्यात मी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रजेवर होते. बोंबाबोंब झाली तेव्हा धाकटा माझ्या पायाशी येऊन बसला. "ताई, प्रुफात घोळ झाला म्हण. एवढी वेळ निभावून ने." माझ्या आजारी नवऱ्याला तीन जिने पाठीवर घेऊन उतरणारा हाच. मुलीच्या सायकलमागे धापा टाकत धावणाराही हाच. मी रजेचा शब्दही न काढता 'चूक माझी' असं लिहून खाली सही केली.

मुलीचं लग्न ठरलेलं होतं, पुलापलीकडच्याच मुलाशी. तो लिफ्ट दुरुस्त करतो. तिने माझा माफीनामा टेबलावर ठेवला. "मामा तसा आहे, हे मी पचवलं असतं आई. तू खोटं लिहिलंस." त्याला नऊ वर्षं झाली. तिने या घराचा उंबरठा ओलांडलेला नाही. फोन करते, गोळ्या घेतल्यास का विचारते आणि ठेवते. त्या एका प्रश्नासाठी मी आठवडाभर फोनजवळ बसते.

तर लिहून ठेवते, की ते वाक्य धाकट्याचंच आहे. पेटीत त्याची त्रेचाळीस प्रुफं आहेत. तसलीच वाक्यं त्याने शेवटच्या क्षणी हाताने घातलेली आणि छपाईआधी मी लाल पेन्सिलीने काढलेली. ती कुठे गेली, हे त्याने कधी विचारलं नाही. "माझं एक तरी वाक्य दाखवा," असं तो सभेत ठणकावून सांगायचा, आणि लोकांना दाखवता येत नव्हतं ते माझ्यामुळे. मी त्याचं लिखाण स्वच्छ करत राहिले आणि त्याच्या मनातली अढी तशीच राहिली. मी त्याची बहीण आहे, माझा त्याच्यावर फार जीव आहे, आणि द्वेषाचा हा आरोप खरा आहे. माफीनाम्यावरची माझी सही मी मागे घेते.

पेटी मुलीला द्यावी. तिने ती उघडी करावी किंवा जाळावी. मात्र फीत आणि प्रुफं एकत्रच, एक लपवून दुसरं दाखवायचं नाही.

चार. हे राहतं घर मुलगी आणि जावई यांना समान हक्काने. मागच्या खोलीत धाकटा राहतो. बायको गेल्यापासून त्याला दुसरं घर नाही. संध्याकाळी माझी शेकायची पिशवी तोच भरून आणतो आणि पाणी अंगावर सांडलं की माझ्यावरच ओरडतो. त्याने जावयाच्या दारात स्वतः जाऊन विचारावं, "मला या घरात राहू द्याल का?" चिठ्ठी नको, मध्यस्थ नको. धाकट्या, चिडशील, ठाऊक आहे. तरी जा. स्वेटर घालून जा, पुलावर वारा असतो.

खाडाखोडीची नोंद: कलम चारच्या शेवटी 'जावयाने हो म्हणावे' असं एक वाक्य होतं. ते मी लाल पेन्सिलीने खोडलं आहे आणि शेजारी सही केली आहे. उत्तर त्यांचं त्यांनी द्यायचं आहे.

साक्षीदार:
१. डॉक्टरीणबाई, खालचा मजला (सही)
२. छापखान्यात खिळे जुळवणारे निवृत्त जुळारी (सही, चष्मा विसरले म्हणून मी मोठ्याने वाचून दाखवलं, वाचताना मीच दोनदा थांबले)

लिहून ठेवणार: प्रुफं तपासणारी (सही)

स्थळ: स्वयंपाकघरातलं टेबल
दिनांक: सात मार्च, सकाळ