कालवडी चौथ्या तुकड्यातच आहेत

प्रिय ठमे,

रोज फोनवर बोलतो, मग हे पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर मी खोटं बोलतो म्हणून. काल तुला म्हणालो, कालवडी माळाच्या बाराव्या तुकड्यात गेल्या. त्याआधी अकराव्यात म्हणालो होतो, त्याआधी दहाव्यात. तू भिंतीवर लावलेला पाळ्यांचा तक्ता बघून वाचून दाखवायचो. कालवडी चौथ्या तुकड्यातच आहेत. तुझी आई गेली त्या सकाळी तिनेच त्यांना तिथे घातलं, त्याला आज सव्वीस दिवस झाले.

तुला कळायचं काही कारण नव्हतं. तू राहिलीस तीन दिवस, आणि तेवढे दिवस त्या तिथेच असायला हव्या होत्या. मग तुझं बाळ तापलं आणि तू गेलीस. चौथ्या दिवशी सकाळी मी फाटकापर्यंत गेलो, उभा राहिलो, परत येऊन चहा केला. पाचव्या दिवशी तेच. उपाशी नाहीत गं त्या. वाळल्या गवताचे भारे कुंपणावरून आत टाकतो, पाण्याची नळी आत सोडली आहे. लोक येतात, म्हणतात रडा, मोकळे व्हा. बरं, म्हणतो. रडू येत नाही. चिमटा काढून बघावा तर त्याचाही कंटाळा येतो.

हा सगळा उद्योग खरं तर तुम्हा मायलेकींचा. मी जन्मभर कारखान्यात लेथवर उभा राहिलेला माणूस, माती मला चपलेला लागते तेवढीच ठाऊक. निवृत्त होऊन तिच्या माहेरच्या या माळावर आलो तेव्हा मीच म्हणालो होतो, जनावरं सोडलीत तर आहे ते गवतही जाईल, खुरांनी सगळ्याचा रस्ता होईल. तू तुझ्या माती तपासायच्या प्रयोगशाळेतून सुट्टी काढून आलीस, माळाचे बारा तुकडे पाडलेस आणि दम भरलास, की एका तुकड्यात तीन दिवस, मग पुढे, आणि चरून झालेल्या तुकड्यात महिनाभर कुणी पाऊल टाकायचं नाही. वरून खाल्लेलं गवत विसावा मिळाला की पुन्हा जोर धरतं, शेण आणि तुडवलेला पाला मातीत मुरतो, माती पाणी धरायला लागते. मी म्हणालो, शिकलेल्या पोरींपुढे काय बोलायचं! दोन वर्षांनी तू माझ्याच हातात लोखंडी सळई दिलीस. आधी बोटभर शिरायची ती हातभर शिरली. तुझी आई फावडंभर माती उलटवून गांडुळं मोजायची. एकदा सतरा निघाली, तर मला ऐकू जाईल अशी तुला म्हणाली, यातलं एकेक तुझ्या बापापेक्षा कामाचं आहे. मी तोंड वाकडं केलं, पण दुसऱ्या दिवशी फावडं मीच घेतलं.

काल कुंपणातून हात घालून चौथ्या तुकड्यात सळई खुपसली. बोटभर. कोंब वर आला की दुसऱ्या दिवशी खाल्ला जातो, त्यामुळे गवत म्हणून काही उरलेलं नाही. जिथे मी भारे टाकतो त्या कोपऱ्यात शेणाचा चिखल आणि माश्या, बाकी सगळी जमीन उघडी, तळहातासारखी. परवा एक सर येऊन गेली, तर पाणी खुरांच्या खड्ड्यांत दुपारपर्यंत तसंच. शेजारच्या पाचव्या तुकड्यात ते कधी मुरलं कळलंसुद्धा नाही. पण पाचव्याचंही बरं चाललंय असं नाही. तिथलं गवत तुऱ्यावर येऊन आडवं पडलंय, बुडाशी पिवळं झालंय. एकाला अती झालं आणि अकरांना काहीच नाही. आणखी आठवडाभर असंच राहिलं तर चौथा तुकडा सावरायला वर्षं जातील, तिची सगळी मेहनत मातीमोल होईल, हे सांगायला मला तू लागत नाहीस. सगळं दिसतंय. वाईट मात्र वाटत नाही, आणि त्याचीच भीती वाटते.

शेजारचा गवंडी आला होता. भला माणूस. म्हणाला, काका, तुम्ही बसा, मी काढतो त्यांना बाहेर, आणि फाटकाकडे निघाला. मी त्याच्यावर असा खेकसलो की बिचारा जागच्या जागी थिजला. हात लावायचा नाही, म्हणालो. त्याच्याकडे जाऊन माफी मागायला हवी, पण का ओरडलो हे त्याला काय सांगणार? तुला सांगतो.

त्या फाटकाची कडी गेल्या उन्हाळ्यात तुटली. पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या यंत्रांचे भाग घडवले, आणि घरची एक कडी, तर उद्या करतो. दिव्याखाली अंधार. तुमचा तो उद्या कधी उजाडणार, असं म्हणत ती दर फेरीला सुतळी बांधायची. त्या सकाळीही बांधली, घरी आली, पायरीवर टेकली ती टेकलीच. ती गाठ अजून फाटकावर आहे. निरगाठ असती तर सुटतच नाही म्हणून सांगता आलं असतं. सुरगाठ आहे, ठमे. एक टोक ओढलं की संपलं. तिच्या हातचं शेवटचं काम, आणि ते मोडायला दोन बोटं पुरतात. मला ती उचलवत नाहीत. कडी मी तू गेलीस त्याच आठवड्यात केली, तेल लावून ठेवली आहे. तू रविवारी ये. सुतळी तू ओढ. मी पाठ करून उभा राहीन, सुटली की मला सांग.

तुझाच,
बाबा