खुरातला खडा काढणारा हिरो

मेव्हणेबुवांना त्यांच्या ताईच्या नवऱ्याचा नमस्कार. तुमची कंबर कशी आहे? आमचे गुडघे आहेत तसेच आहेत. तुमची ताई मजेत, म्हणजे माझ्यावर ओरडण्याइतका दम आहे. झालं, विचारपूस संपली. आता मुद्द्याचं ऐका. मी जिंकलो!

सलूनवाल्याच्या दुकानात रविवारी सकाळी आम्ही काउबॉयच्या पिक्चरवाले जमतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. (दोन खुर्च्या, एक बाक, आणि दाढीला आलेला कुणीतरी अर्ध्या फेसानिशी ऐकत बसलेला.) थेटरवाल्यानं निरोप धाडला, महिनाअखेरच्या शनिवारी जुना वेस्टर्न लावतो, पण एकच, कोणता ते तुम्ही ठरवा. मग काय, तीन रविवार जुंपली. सलूनवाल्याला गोळीबार पाहिजे. हिरो पिस्तूल कसं फिरवतो ते तो हातातला वस्तरा फिरवून दाखवतो आणि खुर्चीतलं गिऱ्हाईक डोळे मिटून घेतं. मास्तरांना (रिटायर झाले तरी फळ्यासमोर असल्यासारखेच बोलतात) तो दुसरा पाहिजे, ज्यात हिरो दोन तास नुसता वाळवंटाकडे बघतो. म्हणे त्याचं मौन बोलतं. मी म्हटलं, मास्तर, तुमच्या वर्गात कुणी असं मौन बोललं असतं तर तुम्ही त्याला बाकावर उभं केलं असतं.

माझी शाळा चौथीपर्यंत. इंग्रजी ओ का ठो कळत नाही. पण पस्तीस वर्षं घोड्यांना नाल ठोकले, त्यामुळे मी पिक्चर खालून वर बघतो, आधी पाय. काल तेच कामाला आलं. सलूनवाल्याला म्हटलं, तुझा हिरो गावातून निघतो तेव्हा घोड्याचे दोन पाय पांढरे, डोंगरापाशी पोचतो तेव्हा तीन. वाटेत चुन्यात बुडवला का? मास्तरांना म्हटलं, तुमचा घोडा पळतो वाळूत आणि आवाज येतो फरशीवरचा. वाळूत धप्प वाजतं, टप वाजत नाही! आणि सकाळपासून पळतोय, पाण्याचा थेंब नाही. हिरोच्या मौनाचं राहू द्या, त्या घोड्याचं मौन बघा! मास्तरांनी चष्मा काढून पुसला. (पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.)

मग मी आपल्या पिक्चरचा विषय काढला. माझ्या लग्नाच्या वर्षी आपण दोघांनी पाहिला तोच. मागे पंधरा दरोडेखोर, आणि हिरो खाली उतरतो, घोड्याचा पाय मांडीवर घेतो, खुरातला खडा काढतो, मगच पुढे. पाय मांडीवर, आम्ही घेतो अगदी तसा! सलूनवाल्यानं वस्तरा खाली ठेवला. मास्तर तरी पुटपुटलेच, "पण शेवट जरा पडेल नाही वाटत?" मी बाकावर मूठ आपटली. "त्या शेवटाबद्दल तुम्ही बोलूच नका! तो कळायला काळीज लागतं!" फेसवाल्या गिऱ्हाइकानंसुद्धा माझ्या बाजूनं हात वर केला. ठरला माझाच पिक्चर! मास्तरांनी उठून हात मिळवला, आणि हसलेसुद्धा. घरी येताना गुडघे दुखले नाहीत, खरं सांगतो.

तुमचा,
ताईचा नवरा

ता. क. – मास्तरांनी वर एक सुचवलं. शनिवारी पिक्चर सुरू व्हायच्या आधी मी स्टेजवर उभं राहून 'हाच शेवट सगळ्यात भारी का' यावर पाच मिनिटं बोलायचं. (आता कळतंय ते का हसले.) तर जरा आठवा. आपण तो पाहिला तेव्हा इंटरव्हलला थेटरचा माणूस मला शोधत आला होता. बाहेर घोडागाडीच्या घोड्याचा एक नाल निखळला होता. एक म्हणता म्हणता मी चारही बसवले. आत येतो तर लोक बाहेर पडत होते आणि तुम्ही डोळे पुसत होतात. म्हणून मीही पुसले. तेव्हापासून त्या शेवटाचं नाव निघालं की पुसतोय. नंतर झालं काय, ते आजच्या आज सविस्तर कळवा.

ता. क. दुसरा – ताईला कळू देऊ नका. पहिल्या रांगेत बसणार आहे. आणि सगळं लिहायला वेळ नसेल तर घोडा जगतो का तेवढं आधी लिहा. हिरोचं मागाहून चालेल.