सवत, अर्धविराम आणि ठिपक्यांचा खेळ

ती. ताईस,

तुझ्या धाकट्याचा उभ्याउभ्याच नमस्कार. (साष्टांग घालणार होतो, पण एकदा खाली गेलो की वर यायला कुणाचा तरी हात लागतो.) गुडघे काय म्हणतात? डोळ्यांत थेंब घालतेस की बाटली नुसतीच उशाशी ठेवतेस? भाची कामावरून वेळेत घरी येते ना? इकडे सर्व क्षेम, असं लिहायची रीत आहे. इकडे सर्व म्हणजे मी एकटाच, आणि मी कंबर सोडली तर क्षेम आहे.

पत्र बघून घाबरू नकोस. फोन का नाही केलास, असं म्हणशील. आपल्या फोनचं कसं होतं बघ. तू विचारतेस जेवलास का, मी म्हणतो जेवलो. तू म्हणतेस बरं, मीही म्हणतो बरं. मग दोघं एकमेकांचा श्वास ऐकत बसतो, आणि शेवटी तू म्हणतेस, ठेवू मग? गेल्या महिन्यातलं आपलं सगळ्यात लांब बोलणं एक मिनिट चाळीस सेकंदांचं आहे. (मी मोजत नाही, फोनच सांगतो.) तुझी भावजय होती तेव्हा तुमचं तासभर चालायचं. मी आतल्या खोलीतून ‘माझाही नमस्कार सांग’ एवढं ओरडलो की माझं कर्तव्य संपलं. ती गेली आणि आपल्या दोघांतलं बोलणारं माणूसच गेलं. म्हणून ठरवलं, बोलता येत नाही तर खेळू. लहानपणीचा आपला ठिपक्यांचा खेळ: आळीपाळीने एकेक रेघ मारायची, ज्याच्या रेघेने चौकोन पुरा होईल त्याने आत आपलं अक्षर लिहायचं. तू तिथे, मी इथे, तेव्हा कागदाऐवजी यंत्रावर.

यंत्र म्हणजे आपली सवत. छापखाना बंद झाला तेव्हा सगळ्यांना घड्याळं मिळाली आणि मला माझाच जुना संगणक मिळाला, हे तुला आठवत असेल. मी संध्याकाळभर त्याच्यासमोर बसायचो म्हणून तुझ्या भावजयीने त्याचं नाव सवत ठेवलं. (आणि तरी रोज पुसायचीही तीच. उशीचा जुना अभ्रा शिवून घातला होता तिने त्याला.) ती गेल्यावर वर्षभराने तो अभ्रा काढला आणि बटण दाबलं, तर आतला पंखा असा घरघरला की शेजारच्यांनी दार वाजवून सगळं ठीक आहे ना विचारलं. खेळ बनवायचं नवं सॉफ्टवेअर सवतीला झेपेना. दुरुस्तीवाला म्हणाला, काका, आता हिला आराम करू द्या. मी म्हटलं, हेच मलाही सगळे सांगतात. शेवटी तिच्यातलं जुनं सगळं पुसलं, एक हलकी फुकटातली प्रणाली घातली आणि त्या सॉफ्टवेअरची दहा वर्षांपूर्वीची आवृत्ती शोधून बसवली. ती उतरवून घ्यायलाच दोन दिवस लागले. तेवढ्यात मी वाचनालयातून, खेळासाठी यंत्राला हुकूम कसे लिहायचे ते शिकवणारं एक जाडजूड पुस्तक आणलं.

आता माझी शोभा ऐक. पुस्तकातल्या नमुन्यात प्रत्येक ओळ अर्धविरामाने संपत होती. अडतीस वर्षं मुद्रितशोधन केलेला माणूस मी, माझं डोकंच फिरलं. वाक्य संपलं की पूर्णविराम. अर्धविराम म्हणजे पुढे अजून काही यायचं आहे. मी लाल पेन घेऊन पुस्तकभर दुरुस्त्या केल्या (वाचनालयाच्या पुस्तकात, हो) आणि तसंच्या तसं सवतीत उतरवलं. तिने एका दमात दोनशे चौदा चुका काढल्या. उभ्या जन्मात माझ्या इतक्या चुका कुणी काढल्या नव्हत्या, तुझ्या भावजयीनेसुद्धा नाही. चार दिवस झगडलो आणि पाचव्या दिवशी वाचनालयातल्या बाईंकडे पुस्तकाची तक्रार घेऊन गेलो. त्यांनी आणखी तीन पुस्तकं उघडून पुढ्यात ठेवली. चारही पुस्तकांचे मुद्रितशोधक एकदम झोपलेले असतील असं काही मला म्हणता येईना. घरी येऊन सगळे अर्धविराम जागच्या जागी ठेवले आणि खोडरबर घेऊन पुस्तकावर बसलो. लाल पेन खोडरबराने जात नाही.

पुढची गंमत फोनची. तुझा फोन एका घराण्यातला, सवत दुसऱ्यातली, आणि दोघींचं आपसांत पटत नाही. तुझ्या फोनसारखाच तुझ्या भावजयीचा फोन कपाटात होता, तो चार्ज केला. तर सवतीवर अक्षरं छान, आणि फोनवर अक्षरांच्या जागी नुसते रिकामे चौकोन. चौकोनांच्या खेळात चौकोनच चौकोन. मला वाटलं फोन सगळे डाव जिंकला. आपली अक्षरं त्या जुन्या आवृत्तीत नव्हतीच, ती वेगळी आणून घालावी लागली. आठवडा गेला.

मग खेळून बघायला दुसरं माणूस हवं होतं. ते नव्हतं, म्हणून टेबलाशी मी मी झालो आणि खाटेवर जाऊन तू झालो. एक रेघ मारली की उठायचं, पलीकडे बसायचं, तुझ्या डोक्याने विचार करायचा आणि परत यायचं. अकरा डाव झाले, त्यातले नऊ तू जिंकलीस. शेवटच्या डावानंतर सवय म्हणून आतल्या खोलीकडे बघून म्हणालो, बघ, हरलो पुन्हा. ताई, फार एकटं वाटतं गं. दिवस कसाबसा जातो, संध्याकाळ जात नाही.

भाचीला आशीर्वाद. थेंब घाल.

तुझा धाकटा

ता. क. खेळ भाचीच्या फोनवर पाठवला आहे, तिच्याकडून तुझ्या फोनवर बसवून घे. रविवारी संध्याकाळी पाच वाजता मी सवतीसमोर बसलेला असेन. सहा वाजताही असेन.

ता. क. २ असले तयार खेळ फुकट मिळतात, हे दुरुस्तीवाल्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण त्यांत लबाडी करता येत नाही. मी पाणी प्यायला उठलो की तू दोन रेघा मारायचीस, हे मला तेव्हाही माहीत होतं. म्हणून तुझ्या बाजूने सलग दोन रेघा चालतात. ती चूक नाही, त्याला मला तीन दिवस लागले.

ता. क. ३ या पत्रात शेवटी एक चूक दिसेल. मला दिसली आहे, तशीच ठेवली आहे. पहिली रेघ तुझी;